बटण दाबलं, पुढे काय? व्हिज्युअल स्क्रिप्टिंगमधल्या बटण-इनपुटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडवर असलेल्या खोलीत मी शनिवार-रविवार मुलांना गेम बनवायला शिकवते. अकरावी-बारावीची मुलं असतात, डिप्लोमाची असतात, दोघं-तिघं दिवसभर नोकरी करून येणारे असतात. दर बॅचला तेच प्रश्न येतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त बटणांचे असतात. कॅरेक्टरचं चित्र छान काढलेलं असतं, गावही उभं केलेलं असतं, पण बटण दाबलं की भलतंच काहीतरी होतं आणि पोरांचा हिरमोड होतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

वर्गातले दोन गेम उदाहरणाला घेतले आहेत. एक सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा: पांढरी बाराबंदी घातलेला भक्त नंदीध्वज, म्हणजे उंच काठीचा ध्वज, पेलतो, खेळाडूने डावं-उजवं करत तोल सांभाळायचा. दुसरा भुईकोट किल्ल्याच्या तटावरून उड्या मारत पळणाऱ्या मुलाचा. दोन्ही अनरियल या गेम इंजिनच्या ब्लूप्रिंटमध्ये केले आहेत. ब्लूप्रिंट म्हणजे तिथलं व्हिज्युअल स्क्रिप्टिंग: कोड टाइप न करता ‘नोड’ नावाच्या चौकटी वायरींनी जोडायच्या. दुसरं इंजिन वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

व्हिज्युअल स्क्रिप्टिंग म्हणजे खरं प्रोग्रामिंग आहे का? मित्र म्हणतात, हे पोरखेळ आहे.

खरं प्रोग्रामिंग आहे. आपल्या गावात तर हा प्रश्न पडायलाच नको. चादरीवरचा मोर विणायला जेकार्ड लागतं. त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आणलं, आणि पुढे गणकयंत्रं करणाऱ्यांनी पुठ्ठ्याची हीच कल्पना उचलली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही, पण पुठ्ठ्यांचा क्रम चुकला की नक्षीत नेमकं कुठे बिघडेल हे ते माळ हातात घेऊन सांगायचे. नोड आणि वायरी जोडणं याच जातीचं काम आहे. अट, क्रम, साठवलेली किंमत, पुनरावृत्ती, सगळं त्यात आहे. फक्त अर्धविरामाची चूक होत नाही.

बटण दाबलेलं इंजिनला कळतं कसं?

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न गळून पडतात, म्हणून इथे जरा थांबते.

गेम म्हणजे भराभर काढलेली चित्रं. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, 30 असतील तर 33.3. दर फ्रेमला इंजिन बघतं: कोणती बटणं खाली आहेत, कोणती वर? मागच्या फ्रेमला वर होतं आणि आता खाली आहे, म्हणजे ‘दाबलं’. मागेही खाली होतं, आताही खाली आहे, म्हणजे ‘धरलंय’. मागे खाली होतं, आता वर, म्हणजे ‘सोडलं’. आपल्याला एक वाटणारी कृती इंजिनसाठी तीन वेगळ्या गोष्टी असतात. आपण कितीही झटकन दाबलं तरी बोट काही फ्रेम बटणावर राहतंच, त्यामुळे मधली ‘धरलंय’ ही अवस्था टळत नाही.

मग तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय? उडी ‘दाबलं’वर हवी. चालणं ‘धरलंय’वर. धनुष्य ताणून बाण सोडायचा असेल तर ‘सोडलं’वर. वायर ओढण्याआधी वहीत एवढंच लिहा: कोणती कृती, तिन्हीपैकी कोणत्या क्षणी. वर्गात मी ही वही बघितल्याशिवाय संगणक चालू करू देत नाही.

विचारण्याच्या दोन पद्धती आहेत. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि कामगाराला कळतं, ही झाली इव्हेंट. कामगार फेरी मारत प्रत्येक मागाकडे बघत जातो, ही झाली दर फ्रेमची तपासणी. ब्लूप्रिंटमध्ये दर फ्रेमला चालणाऱ्या इव्हेंट टिकला सगळी बटणं जोडून ठेवणारी मुलं नेहमी दिसतात. चालतं, पण गरज नसताना फेऱ्या मारल्यासारखं आहे. इनपुटच्या इव्हेंट तयार मिळतात, त्या वापरा.

मॅडम, एकदाच दाबतोय, पण शंख दहा वेळा वाजतोय. का?

कारण वायर ‘ट्रिगर्ड’ पिनमधून काढली आहे. एनहान्स्ड इनपुट या अनरियलच्या बटण-व्यवस्थेच्या नोडवर पाच पिना, म्हणजे वायर जोडायच्या जागा, असतात: स्टार्टेड, ऑनगोइंग, ट्रिगर्ड, कॅन्सल्ड आणि कम्प्लीटेड. साध्या बटणाला वेगळा ट्रिगर, म्हणजे ॲक्शन कधी चालायची याची अट, लावला नसेल तर दाबल्या क्षणी स्टार्टेड एकदा चालतो, बोट खाली असेपर्यंत ट्रिगर्ड दर फ्रेमला चालतो आणि सोडल्यावर कम्प्लीटेड एकदा. म्हणजे तुमचं बोट सेकंदाचा सहावा भाग जरी बटणावर होतं, तरी 60 फ्रेमच्या हिशेबाने ट्रिगर्ड दहा वेळा चालून गेला. शंख बरोबर वाजला, पिन चुकली.

वायर काढून स्टार्टेडला लावा.

मग स्टार्टेड न वापरता प्रेस्ड नावाचा ट्रिगर लावला तर?

चालेल. त्याने ट्रिगर्ड एकदाच येतो. पण यात एक खाच आहे आणि तिच्यात आमची एक अख्खी बॅच अडकली होती. प्रेस्ड लावल्यावर कम्प्लीटेड बोट सोडल्यावर येत नाही. लगेच पुढच्या फ्रेमला येतो, बोट अजून खाली असलं तरी. कारण त्या ट्रिगरच्या दृष्टीने ‘दाबलं’ हा क्षण झाला आणि संपला. किल्ल्याच्या गेममध्ये मुलांनी जंप ट्रिगर्डला आणि स्टॉप जंपिंग कम्प्लीटेडला जोडलं होतं, जास्त वेळ धरलं की उंच उडी जावी म्हणून. प्रेस्ड लावल्यामुळे प्रत्येक उडी कोंबडीएवढी. दोन रविवार आम्ही गुरुत्वाकर्षणाचे आकडे बदलत बसलो. ट्रिगर काढून टाकला, जंप स्टार्टेडला जोडला आणि पोरगं तटावर चढलं.

बटणाला थेट काम जोडलं असतं तर काय बिघडलं असतं? इनपुट ॲक्शन, मॅपिंग कॉन्टेक्स्ट हा पसारा कशाला?

स्पेसबारचा नोड आणून त्याला थेट उडी जोडता येते, आणि पहिल्या दिवशी मी तसंच करायला लावते, म्हणजे काहीतरी हललेलं दिसतं. पण आठवड्याने कोणीतरी गेमपॅड आणतं, मग कोणी म्हणतं मोबाइलवर पाहिजे. आता उडीच्या वायरी तीन ठिकाणी.

इनपुट ॲक्शन म्हणजे खेळाडूला काय करायचं आहे: ‘उडी मार’, ‘तोल सांभाळ’, ‘ध्वज उचल’. त्यात बटणाचं नावही नसतं. मॅपिंग कॉन्टेक्स्ट म्हणजे तक्ता: उडीला स्पेसबार, गेमपॅडचं खालचं बटण, वगैरे. कॅरेक्टरच्या ब्लूप्रिंटला फक्त हेतू कळतो, कुठल्या बोटाने कुठे दाबलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. माझ्या मते या सगळ्या विषयात शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. इंजिन बदललं तरी ती सोबत येते.

अनरियलमध्ये 5.1 या आवृत्तीपासून, म्हणजे 2022 पासून, हीच पद्धत मुख्य झाली. प्रोजेक्ट सेटिंग्जमधली जुनी ॲक्शन आणि ॲक्सिस मॅपिंग तेव्हापासून मागे टाकली गेली. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर व्हिडिओतली मांडणी तुमच्या प्रोजेक्टशी का जुळत नाही यात संध्याकाळ जाते.

सगळं जोडलं, तरी काहीच होत नाही. कुठून बघायचं?

बटणाच्या बाजूने सुरुवात करून कामाकडे या. स्टार्टेडला प्रिंट स्ट्रिंग जोडा आणि बटण दाबा. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात अक्षरं उमटली तर इनपुट पोचतोय, दोष पुढे आहे. नाही उमटली तर सगळ्यात आधी ॲड मॅपिंग कॉन्टेक्स्ट हा नोड बघा. तक्ता बनवला पण खेळाडूच्या हातात दिलाच नाही, ही दहातल्या सात मुलांची चूक असते. बिगिन प्लेवर, म्हणजे गेम सुरू होताना, प्लेयर कंट्रोलर घ्यायचा, त्यातून एनहान्स्ड इनपुट लोकल प्लेयर सबसिस्टिम, आणि त्याला तक्ता द्यायचा. तिथला तक्त्याचा रकाना रिकामा राहिलेला असणं हीसुद्धा नेहमीची गंमत आहे. नोड आहे, वायर आहे, आत काहीच निवडलेलं नाही.

तेही ठीक असेल तर हे कॅरेक्टर खेळाडूच्या ताब्यात आहे का बघा. लेव्हलमध्ये नुसतं ओढून ठेवलेलं पॉन (खेळाडूने चालवायचं पात्र) आपोआप तुमचं होत नाही; त्याच्या ऑटो पझेस प्लेयरमध्ये प्लेयर 0 निवडा, नाहीतर गेम मोडमध्ये ते डिफॉल्ट पॉन म्हणून द्या. आणि प्ले केल्यावर एकदा गेमच्या खिडकीत क्लिक करा. हसू नका, ती खिडकी निवडलेली नसेल तर कीबोर्डचं सगळं बाहेरच जातं.

कन्सोलमध्ये शोडीबग एनहान्स्डइनपुट ही आज्ञा दिली की कोणता तक्ता लागू आहे आणि कोणती ॲक्शन कोणत्या अवस्थेत आहे हे पडद्यावरच दिसतं. इतकं उपयोगी असून ते फार थोड्यांना माहीत असतं.

नंदीध्वज उचलायला स्पेसबार धरून ठेवायला लावायचाय. कसं?

होल्ड ट्रिगर. त्याचा मूळ काळ 1 सेकंद असतो, तो बदलता येतो. बोट टेकलं की स्टार्टेड, मुदत भरेपर्यंत ऑनगोइंग, भरली की ट्रिगर्ड. मुदतीआधी सोडलं तर कॅन्सल्ड. मुदत भरल्यावरही धरून ठेवलं तर ट्रिगर्ड दर फ्रेमला येत राहतो. एकदाच हवा असेल तर इज वन शॉटवर खूण करा.

या पाच पिनांचं खरं सौंदर्य इथे कळतं. आमच्या गेममध्ये स्टार्टेडला भक्त गुडघे वाकवतो, ऑनगोइंगमध्ये काठी हळूहळू उभी होते, ट्रिगर्डला ध्वज कमरेच्या पट्ट्यात बसतो, आणि कॅन्सल्डला तो अलगद परत खाली येतो. कॅन्सल्ड रिकामा सोडला होता तेव्हा अर्धवट सोडलं की ध्वज हवेतच तिरका लटकायचा. वर्गात एका मुलाचे काका दरवर्षी ध्वजाला हात लावतात. त्याला ते बघवेना. ‘असं कधी होत नाही, मॅडम, धरायला माणसं असतात,’ म्हणाला. मग त्यानेच कॅन्सल्डला चार हात पुढे येऊन काठी धरतात असं ॲनिमेशन जोडलं. त्या गेममधला मला सगळ्यात आवडलेला क्षण तोच.

एकाच बटणावर टॅप (झटकन दाबून सोडणं) आणि होल्ड दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या ॲक्शन करा. टॅपची मूळ मर्यादा 0.2 सेकंद असते. दोन मर्यादांच्या मधे थोडी मोकळी जागा ठेवली तर खेळाडूचा गोंधळ होत नाही.

डावी-उजवी दोन बटणं, पण तोल एकच. दोन ॲक्शन करू का?

नको. एकच ॲक्शन, किमतीचा प्रकार ॲक्सिस 1डी. उजवं बटण तसंच ठेवा, त्याची किंमत 1. डाव्याला निगेट मॉडिफायर लावा, झाली उणे 1. ॲक्शनच्या ॲक्युम्युलेशन बिहेवियरमध्ये क्युम्युलेटिव्ह निवडा, म्हणजे दोन्ही एकदम दाबली तर शून्य, आणि ते तसंच असायला हवं. दोन्हीकडून सारखाच जोर लावला तर ध्वज उभा राहतो.

चारी दिशांना चालायचं असेल तर ॲक्सिस 2डी. डी तसाच, ए ला निगेट, डब्ल्यू ला स्विझल, एस ला स्विझल आणि निगेट दोन्ही. स्विझल म्हणजे एक्सची किंमत वायच्या जागी नेणं. नाव अवघड आहे, काम सोपं.

माझ्या घरी तोल बरोबर सांभाळला जातो, वर्गातल्या पीसीवर ध्वज संथ हलतो. पीसी खराब आहे?

पीसी संथ आहे, पण चूक तुमची आहे. ट्रिगर्डला ‘1 अंश फिरव’ असं जोडलंय ना? 60 फ्रेमला सेकंदात 60 अंश, 30 फ्रेमला 30 अंश. गेट वर्ल्ड डेल्टा सेकंड्स, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, घ्या आणि त्याने गुणा: ‘सेकंदाला 60 अंश’ गुणिले डेल्टा. आता कुठल्याही पीसीवर वेग सारखा.

ॲड मूव्हमेंट इनपुट वापरताना मात्र गुणू नका. तो हिशेब कॅरेक्टर मूव्हमेंट स्वतः करतं. तुम्ही परत गुणलंत तर कॅरेक्टर मुंगीच्या पावलाने चालेल.

‘मी दाबलं होतं, पण उडी मारलीच नाही!’ प्रत्येक खेळणारा असंच म्हणतो. खोटं बोलतात का?

नाही. त्यांनी दाबलेलं असतं. या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं.

कुणाच्या तरी मागे उभं राहून त्याचे हात बघा, पडदा नको. कडा येते, डोळा बघतो, बोट दाबतं. माणसाला एवढ्याला थोडा वेळ लागतोच. इंजिनला मात्र फक्त त्या फ्रेमचं पडलेलं असतं: पाय जमिनीवर आहे का? कडा सुटून तीन फ्रेम झाल्या असतील तर नाही. बटण फुकट. तसंच उलट बाजूला: खाली येताना पाय टेकायच्या चार फ्रेम आधी दाबलं, तेही फुकट. खेळाडूच्या मनात दोन्ही वेळा त्याने बरोबर दाबलेलं असतं.

दोन्हीवर उपाय आहेत आणि चांगल्या गेममध्ये ते असतातच, फक्त दिसत नाहीत. कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करणं, याला कायोटी टाइम म्हणतात. कड्यावरून पुढे जाऊन हवेतच थबकणाऱ्या कार्टूनमधल्या प्राण्यावरून ते नाव पडलं. ब्लूप्रिंटमध्ये ऑन वॉकिंग ऑफ लेज ही इव्हेंट आहे; तिथे गेट गेम टाइम इन सेकंड्सची किंमत ‘कडा सुटली’ अशा व्हेरिएबलमध्ये ठेवा. उडीच्या स्टार्टेडवर आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. 0.1 पेक्षा कमी असेल आणि कॅरेक्टर पडत असेल तर लाँच कॅरेक्टरने वर ढकला, झेडच्या (वर-खाली दिशेच्या) ओव्हरराइडवर खूण करून. साधा जंप इथे चालणार नाही, कारण हवेत गेलेल्याची पहिली उडी इंजिन आधीच मोजून टाकतं. आणि उडी दिली की ते व्हेरिएबल लगेच उणे 1 वगैरे करून टाका, नाहीतर त्या दहाव्या भागात दोनदा उडी मिळते.

दुसरा उपाय, आधी दाबलेलं लक्षात ठेवणं. स्टार्टेडवर दाबल्याची वेळ साठवा. ऑन लँडेडवर बघा: दाबून 0.12 सेकंदापेक्षा कमी झालाय? तर उडी. इथे मधे डिले अन्टिल नेक्स्ट टिक टाका. जमिनीला टेकल्याची आवराआवर त्याच फ्रेममध्ये चालू असते आणि तिच्यात तुमची उडी पुसली जाते.

आकडे माझे आहेत, वर्गात खेळून ठरवलेले. तुमच्या गेमच्या वेगानुसार 0.08 ते 0.15 च्या आसपास करून बघा. ज्या रविवारी हे दोन्ही बसवले त्या दिवशी तटावरच्या एकाही दगडाची जागा बदलली नव्हती, तरी मुलं म्हणाली गेम सोपा झाला. सोपा झाला नव्हता. त्यांचं ऐकायला लागला होता.

डब्ल्यू, डी आणि स्पेस एकदम दाबल्यावर उडी जात नाही. सुटं दाबलं की जाते.

कीबोर्ड बघा. आतमध्ये आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते, थेट ताणा आणि बाणा. प्रत्येक बटण म्हणजे एक गाठ. स्वस्त कीबोर्डमध्ये चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं दाबली की चौथंही दाबल्यासारखं दिसतं, म्हणून कीबोर्ड तिसरं बटण सरळ गिळून टाकतो. तुमची वायर निर्दोष आहे. नेमकी कोणती तीन बटणं भांडतात हे प्रत्येक मॉडेलला वेगळं. प्रिंट स्ट्रिंगने खात्री करा, आणि उडीला आणखी एक पर्यायी बटण तक्त्यात देऊन ठेवा. सायबर कॅफेतला आणि शाळेतला कीबोर्ड स्वस्तच असणार आहे, त्याच्यासाठी गेम करा.

मराठी टायपिंग चालू राहिलं की ब्राउझरमधला गेम बंद पडतो. असं का?

मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डब्ल्यू, ए, एस, डी या जागांवर काय येतं बघा: ऐकाराची मात्रा, ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा आणि हलन्त. ब्राउझर दोन गोष्टी सांगू शकतो, कोणतं अक्षर उमटलं आणि कीबोर्डवरच्या कोणत्या जागेचं बटण दाबलं. गेम अक्षर विचारत असेल तर त्याला ‘डब्ल्यू’ कधी मिळतच नाही. जागा विचारायचा पर्याय असेल तर तो निवडा. बाणांची बटणं सोबत द्या, ती कुठल्याही लिपीत तीच राहतात. आपल्याकडे घरोघरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू लिहिलं जातं. ही अडचण आपल्याला येणारच, आणि बाहेरच्या व्हिडिओत ती कुणी सांगत नाही.

मेनू उघडल्यावरही मागे कॅरेक्टर पळतंय. आणि मेनू बंद केल्यावर काहीच चालत नाही.

एकाच नाण्याच्या दोन बाजू. मेनू उघडताना सेट इनपुट मोड यूआय ओन्ली, माउस कर्सर दाखवा. बंद करताना सेट इनपुट मोड गेम ओन्ली, कर्सर लपवा. दुसरं हमखास विसरतं. मेनूसाठी वेगळा मॅपिंग कॉन्टेक्स्ट जास्त प्राधान्याने लावणं हा त्याहून स्वच्छ मार्ग. मोठा आकडा आधी ऐकला जातो.

गेम पॉज केल्यावर पॉजचं बटणच मरतं, कारण पॉजमध्ये ॲक्शन चालत नाहीत. त्या एका ॲक्शनमध्ये ट्रिगर व्हेन पॉज्डवर खूण करा. आणि तपासताना मेनूला एस्केप देऊ नका, एडिटरमध्ये एस्केपने प्लेच थांबतो.

सारखं सारखं दाबू नये म्हणून डिले टाकला. पुरेल?

डिले चालू असताना पुन्हा आलेली हाक तो ऐकत नाही, पण डिलेच्या आधीचं काम मात्र दर वेळी होतंच. आधी डू वन्स ठेवा, मग काम, मग डिले, आणि डिलेनंतरची वायर फिरवून डू वन्सच्या रिसेटला. दर दाबण्याला मुदत नव्याने सुरू व्हावी असं हवं असेल तर रिट्रिगरेबल डिले.

मोबाइलवर बटण उशिरा लागतंय.

पडद्यावरच्या बटणाची ऑन क्लिक्ड ही इव्हेंट बोट उचलल्यावर येते. उडीसाठी ऑन प्रेस्ड घ्या. आतून इन्जेक्ट इनपुट फॉर ॲक्शन वापरलंत तर त्याच जुन्या ‘उडी’ ॲक्शनला हाक जाते, वेगळी वायर लागत नाही. ही हाक एका फ्रेमपुरती असते हे मात्र धरून चाला. बटणाचा आकार अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे निदान 48 डीपी, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर असावा. मी त्याहून मोठं ठेवायला लावते. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, बोटं घामेजतात आणि ओल्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. गेम भर दुपारी, पंखा बंद करून एकदा खेळून बघा.

युनिटी, गोडो, स्क्रॅच यांत हेच लागू होतं का?

विचार तोच, नावं वेगळी. युनिटीतलं व्हिज्युअल स्क्रिप्टिंग म्हणजे पूर्वीचं बोल्ट. 2020 मध्ये युनिटीने ते घेतलं आणि 2021 च्या आवृत्तीपासून सोबतच येतं. तिथे ऑन बटन इनपुट नोडवर डाउन, होल्ड, अप असे तीनच पर्याय आहेत, आणि मला ते शिकवायला फार सोपं जातं. फक्त ‘दाबलं’ची तपासणी फिक्स्ड अपडेटमध्ये करू नका. ते मुळात दर 0.02 सेकंदाला चालतं, फ्रेमशी त्याचा ताल जुळत नाही आणि अधूनमधून दाबलेलं हुकतं. गोडोतलं व्हिज्युअलस्क्रिप्ट 4.0 मध्ये काढून टाकलं गेलं, तिथे आता जीडीस्क्रिप्ट शिका. पीसी साधा असेल तर जीडेव्हलप हे इंजिन ब्राउझरमध्येही चालतं.

स्क्रॅचमध्ये ‘स्पेस दाबल्यावर’ हा ब्लॉक धरून ठेवला तर मांजर एक पाऊल टाकते, थबकते, मग पळते. टाइप करताना अक्षर धरल्यावर होतं तसंच. सलग चालण्यासाठी कायम-लूपमध्ये ‘स्पेस दाबलेलं आहे का’ असं विचारा.

वायरींचा गुंता झालाय, काही दिसतच नाही.

क्यू दाबलं की निवडलेले नोड सरळ रेषेत येतात, सी दाबलं की भोवती टिपणीची चौकट. वायरीवर डबल क्लिक केलं की वळण देता येतं. तीन ॲक्शनच्या वर गेलात की प्रत्येकीचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये हलवा. गुंतलेला ताणा सोडवायला विणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे या भागातल्या कुणालाही विचारा.

बटण दाबल्यावर आवाज दिलाय. एवढा प्रतिसाद पुरे ना?

वर्गातला गेम मी एकदा घरी वडिलांना दिला. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काम केल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. ध्वज उचलायला स्पेसबार धरायचा हे त्यांना समजावलं. ते धरायचे, लगेच सोडायचे, पुन्हा धरायचे. मला कळेना. मग लक्षात आलं, बटण लागल्याची खूण म्हणून आम्ही फक्त हलगीचा आवाज दिला होता आणि गुडघे वाकवण्याचं ॲनिमेशन अर्ध्या सेकंदाने सुरू होत होतं. त्यांच्या दृष्टीने काहीच घडत नव्हतं, म्हणून ते सोडून पुन्हा दाबत होते.

आता आमच्याकडे स्टार्टेडला तीन गोष्टी जोडल्याशिवाय ॲक्शन पूर्ण धरत नाही: त्याच फ्रेमला दिसणारा बदल, आवाज, आणि गेमपॅड किंवा फोन असेल तर हलकं थरथरणं. धरायच्या बटणाला भरत जाणारी पट्टीही लागते. ऑनगोइंगमध्ये गेलेला वेळ भागिले मुदत, की झाली पट्टीची किंमत. वडिलांनी पुढच्या रविवारी ध्वज पहिल्या खेपेला उचलला.

धरून ठेवणं ज्यांना जमत नाही त्यांचं काय?

सेटिंगमध्ये ‘धरण्याऐवजी एकदा दाबा’ असा पर्याय द्या. स्टार्टेडवर फ्लिप फ्लॉप लावला की एकदा दाबून सुरू, पुन्हा दाबून बंद. बटणं बदलायची सोयही ठेवा. हेतू आणि बटण वेगळे ठेवले असतील तर फक्त तक्ता बदलावा लागतो. आमच्या बॅचमधला एक मुलगा सगळं डाव्या हाताने खेळतो. त्याने उडी शिफ्टवर घेतली आणि तटाचा शेवटचा बुरूज सगळ्यांच्या आधी गाठला.